बाईंचा पडलेला ठराव

बाईंना 'बिनविरोध' या शब्दाचा तिटकारा होता. आमच्या हॅरोच्या मराठी मंडळात अध्यक्ष दरवर्षी बिनविरोध निवडून यायचे. म्हणजे मावळते अध्यक्ष एखाद्या सज्जन गृहस्थाला फोन करून "आता तुमची पाळी" असं कळवायचे, वार्षिक सभेत टाळ्या पडायच्या आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळायची. बाई सभासद झाल्या आणि ही सुखाची व्यवस्था संपली. त्या दरवर्षी स्वतःचा अर्ज भरू लागल्या. निवडून यायची इच्छा त्यांना मुळीच नसायची. भाषणात त्या समोरच्या उमेदवाराचे गुण सांगायच्या, मग त्याला दोन अडचणीचे प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं ऐकून खाली बसायच्या. मग चिठ्ठ्या टाकून मतदान, मोजणी, आणि बाई पडायच्या. पडल्यावर त्यांचा चेहरा असा फुलायचा, की नवख्या माणसाला वाटावं याच जिंकल्या. नव्या अध्यक्षांचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "आता तुम्ही निवडून आलात. मघाशी नुसतेच आला होतात."

मंडळातले लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. त्यांच्या पाठीमागे म्हणायचे, कारण समोर म्हटलं तर बाई त्यावर मतदान घेतील अशी भीती होती.

त्या मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन इंग्लंडला आल्या आणि ईलिंगच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्या. नवरा रेल्वेत इंजिनिअर होता, तो गेल्यावर हॅरोच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. मराठी माणसं बाई म्हणायची आणि आमच्या मुलांच्या शाळेतले इंग्रज शिक्षकही बाईच म्हणायचे.

त्या शाळेच्या गव्हर्निंग बॉडीवर आमची खरी ओळख झाली. इंग्लंडातल्या सरकारी शाळेचा कारभार बघायला असं एक मंडळ असतं. त्यात काही पालक, काही शिक्षक, काही कौन्सिलने पाठवलेले आणि काही गावातले रिकामटेकडे विद्वान असतात. सगळे बिनपगारी. अधिकार कागदावर भरपूर. मी वॉटफर्डला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होतो, मुलगी रेवा शाळेत होती, आणि पालकांमधून एक गव्हर्नर हवा अशी नोटीस आली तेव्हा बायको म्हणाली, "घरात एवढी मतं देतोस, जरा तिकडेही दे." मी अर्ज केला. दुसऱ्या कोणीच केला नाही.

त्या संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. "अहो, रेवाचे बाबा ना? मी शाळेच्या बोर्डावर आहे. तुम्ही बिनविरोध आलात असं कळलं." मी आभार मानायच्या बेतात होतो. त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं."

पहिल्या सभेला गेलो तेव्हा बाई ओव्हरकोट घालूनच टेबलाशी बसल्या होत्या. कोट नवऱ्याचा, खांद्यांवरून घसरणारा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. शाळेच्या लायब्ररीत सभा व्हायची आणि पाच वाजता हिटिंग बंद व्हायचं. हेडटीचरने सौजन्याने विचारलं, "बाई, तुमचा कोट अडकवून ठेवू का?" बाई म्हणाल्या, "हिटिंग लवकर बंद करायचा ठराव माझाच आहे. त्याचे परिणाम मला भोगू द्या." सभा इंग्रजीतच चालायची, हे वेगळं सांगायला नको. पण बाईंचं इंग्रजी असं होतं की मला ते आठवताना मराठीतच आठवतं.

त्यांच्यासमोर टेबलावर चिवड्याचा एक मोठा डबा असायचा, झाकण घट्ट लावलेला. अजेंड्यावरचा शेवटचा विषय संपला की झाकण उघडायचं, त्याआधी नाही. 'ऐनवेळचे विषय' पुकारले गेले की सगळ्यांची नजर डब्याकडे जायची, आणि ज्याला वीस मिनिटं बोलायचं होतं तो "माझं काही नाही" म्हणायचा. लांबलेल्या सभांवर इंग्लंडात बरेच उपाय झाले असतील, पण कढीपत्ता आणि खोबऱ्याचे काप यांच्याइतका गुणकारी मी दुसरा पाहिला नाही.

अध्यक्ष व्हा म्हणून त्यांना सगळ्यांनी गळ घातली होती. त्यांनी नाकारलं. "अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाहीत. तो फक्त घड्याळाकडे बघतो." म्हणून अध्यक्ष होते एक निवृत्त बँक मॅनेजर. स्वभावाने गोड, टाय नेहमी कुठल्या ना कुठल्या संस्थेचा. घड्याळाकडे ते उत्तम बघायचे.

आमचे हेडटीचर कार्यक्षम होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं लॅमिनेट केलेलं पत्रक असायचं. दोन हजारच्या दशकाची ती पहिली वर्षं, आणि 'विद्यार्थ्यांचा आवाज' ही गोष्ट इंग्लंडातल्या शाळांमध्ये नुकतीच फॅशनमध्ये आली होती. आमच्या शाळेतही एक विद्यार्थी परिषद होती. तिच्यातली मुलं हेडनीच निवडलेली. ब्लेझरवर बिल्ले असलेली, पाहुण्यांशी हस्तांदोलन करताना डोळ्यांत बघणारी मुलं. एका सभेत हेडनी पडद्यावर स्लाइड दाखवली. परिषदेने कचऱ्याच्या नव्या डब्यांचा रंग ठरवला होता. हिरवा.

बाईंनी विचारलं, "आणि डबे कुठे ठेवायचे ते कोणी ठरवलं?"

"ती ऑपरेशनल बाब आहे," हेड म्हणाले. गव्हर्नरांनी ज्यात नाक खुपसू नये असं त्यांना वाटायचं, ती प्रत्येक बाब ऑपरेशनल असायची.

"म्हणजे रंग मुलांचा आणि जागा तुमची," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे लग्नात नवरीला असंच विचारतात. साडी कुठली हवी ते."

त्याच सुमारास नियम बदलला होता. शाळेची इच्छा असेल तर विद्यार्थ्याला गव्हर्निंग बॉडीवर सहयोगी सदस्य म्हणून घेता येईल, असं आता म्हटलं होतं. त्याने सभेत बसायचं, बोलायचं. मत द्यायचं नाही, कारण वय अठराच्या आत. बाईंनी तो नियम सभेत वाचून दाखवला आणि दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, विद्यार्थी घ्यायचा. दोन, तो मुलांनी गुप्त मतदानाने निवडायचा. हेड म्हणाले, मुलं कुणालाही निवडतील. बाई म्हणाल्या, "मोठी माणसंही निवडतात. आपण त्याला पार्लमेंट म्हणतो."

मतदान झालं. हेडना जो मुलगा हवा होता तो पडला आणि आमची रेवा निवडून आली. ती सोळा वर्षांची होती, घरात भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होती, आणि ब्लेझरवर तिच्या एकही बिल्ला नव्हता. बाप म्हणून मला आनंद झाला. गव्हर्नर म्हणून धास्ती वाटली. बाईंचा फोन आला. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. "कार्टीला दे फोन," म्हणाल्या. पलीकडून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण रेवा फोन ठेवून म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या की मी त्यांच्या साइडला असणार असं समजायचं नाही. That's a weird way to say congratulations."

या सूचनेचा अर्थ हिवाळ्यात कळला.

शाळेतल्या स्वच्छतागृहांमध्ये धुमाकूळ सुरू झाला होता. सिगरेटी, फोडलेले आरसे, एकदा पेटवलेली कचऱ्याची टोपली. बाईंनी ठराव मांडला की तासांच्या वेळात स्वच्छतागृहांना कुलूप लावावं. ज्याला जायचं असेल त्याने शिक्षकाची परवानगी घेऊन ऑफिसातून किल्ली आणावी. त्यांनी आयुष्य वर्गात काढलं होतं. "बाई, जाऊ का, असं विचारणाऱ्या निम्म्यांना कुठेही जायचं नसतं," त्या म्हणाल्या. कोणी विरोध केला नाही. मीही हात वर केला. एका इमारतीत प्रयोग करायचा आणि फेब्रुवारीच्या सभेत कायमचा निर्णय घ्यायचा असं ठरलं. त्या सभेला रेवा नव्हती, परीक्षा होती.

तिला कळलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. "तू पण व्होट केलास? तुला माहितीये तरी काय होतंय ते?" मी विचारलं काय होतंय. ती म्हणाली, "तुला नाही सांगणार. बाईंनाच सांगते."

मी तिला बाईंच्या घरी घेऊन गेलो. बाई स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होत्या. रेवाने दारातच सुरुवात केली, "बाई, ते टॉयलेटचं तुम्ही जे केलंय ना, ते..." बाईंनी पिठाचा हात वर केला.

"इथे नाही."

"पण तुम्ही ऐकून तर घ्या!"

"ऐकणार. बोर्डात ऐकणार. इथे मला पटवलंस, तर ते म्हणतील म्हातारीचं मन बदललं. तुझं नाव कुठेच येणार नाही. थालीपीठ खातेस?"

"नाही."

"राग आला की भूक लागते. बस."

रेवा बसली. दोघींनी थालीपीठ खाल्लं, एक अवाक्षर न बोलता. मला कोणी विचारलं नाही.

सभेच्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होतं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्या रखडल्या होत्या. निर्णय घ्यायला निम्मे गव्हर्नर हजर असावे लागतात. आम्ही कसेबसे तेवढे जमलो, एकही जास्त नाही. भिंतीवर नवं पोस्टर होतं, 'इथे प्रत्येक आवाज मोलाचा', लॅमिनेट केलेलं. त्याच्याखाली रेवा बसली होती. तिची मांडी टेबलाखाली हलत होती. ती तीन वर्षांची असल्यापासून मला त्या मांडीचा अर्थ माहीत आहे.

कुलपाचा विषय निघाला आणि हेडनी घसा साफ केला. प्रयोगाच्या अहवालात काही विद्यार्थ्यांची नावं येणार आहेत, म्हणून हा विषय गोपनीय धरावा, ते म्हणाले. आणि गोपनीय विषयाला विद्यार्थी सदस्याने थांबू नये, असा नियम आहे. नियम खरोखरच तसा होता. अध्यक्षांनी रेवाकडे बघून गोड स्मित केलं. "तू बाहेर थांबतेस ना? आल्याबद्दल शाबास हं."

बाई म्हणाल्या, "नावं न घेता बोला की. ही शाळेच्या संडासांची चर्चा आहे, मंत्रिमंडळाची नाही."

"बाई, अहवाल तसा लिहिला गेला आहे," हेड म्हणाले.

"बरं," असं म्हणून बाई उठल्या. मीही उठायला लागलो. त्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही बसा. दोघं उठलो तर कट वाटेल." मग अध्यक्षांना म्हणाल्या, "शाळा सुटल्यानंतर एकट्या विद्यार्थ्याला इमारतीत मोठ्या माणसाशिवाय ठेवायचं नाही, असं आपलं सुरक्षा धोरण आहे. आपणच मंजूर केलंय. सगळ्यांनी वाचलंय, असं आपण लिहूनही दिलंय. मी तिच्याबरोबर बसते."

"पण ठराव तुमचाच आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तो माझ्याशिवायही उत्तम आहे," बाई म्हणाल्या आणि रेवाला घेऊन बाहेर गेल्या.

दार लागलं. इतिवृत्त लिहिणाऱ्या क्लार्कबाईंनी टेबलाभोवती एकदा नजर फिरवली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता आपण पुरेसे नाही." एका गव्हर्नरने विचारलं, "म्हणजे?" क्लार्कबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण गप्पा मारू शकतो."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडे उपाय नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जाऊन बोलता का? तुम्हाला त्यांची भाषा येते." तीस वर्षं इंग्रज मुलांना इंग्रजीत भूमिती शिकवलेल्या बाईशी बोलायला मी दुभाषा म्हणून निघालो.

कॉरिडॉरमध्ये करंडकांच्या कपाटासमोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. रेवा म्हणत होती, "बाई, आता तरी सांगू का? In Year Eight there's this girl..."

"शू. कॉरिडॉरमध्ये सांगायचं नाही. कॉरिडॉरमध्ये सांगतात त्याला कारस्थान म्हणतात."

मी म्हटलं, "बाई, ते आत बोलावतायत."

"दोघींना?"

"तुम्हाला."

"मग मला ऐकू आलं नाही."

"बाई, तुमचाच ठराव लटकलाय."

"अहो, रेवाचे बाबा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, "त्या ठरावाला विरोध करणारं एकच माणूस या शाळेत आहे, आणि ते तुम्ही बाहेर काढलंत. असा पास झालेला ठराव मला नको. सांगा जाऊन."

मी जाऊन सांगितलं. मराठी मंडळातला तो 'बिनविरोध' शब्द इंग्रजीत कसा सांगावा हे मला सुचेना, म्हणून एवढंच म्हणालो, की त्या दोघी येतील, नाहीतर कोणीच येणार नाही. हेड म्हणाले की हा ब्लॅकमेल आहे. क्लार्कबाई म्हणाल्या की हे सुरक्षा धोरण आहे. शेवटी अहवाल बाजूला ठेवायचा, कोणाचंही नाव घ्यायचं नाही आणि विषय उघडपणे घ्यायचा असं ठरलं.

रेवा उभी राहिली. बसून बोललं तरी चालतं असं अध्यक्ष म्हणाले, पण ती उभीच राहिली. तिने सांगितलं की किल्लीचं ऑफिस मैदानाच्या पलीकडे आहे. की आठवीतल्या एका मुलीला पाळी आली, तिने परवानगी मागितली, सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, थांबता येणार नाही का? ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? स्वेटर कमरेला बांधून ती घरी जाईपर्यंत बसून राहिली. "आणि आता त्या इमारतीतल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत," रेवा म्हणाली. "तुमच्या अहवालात लिहिलं असेल की प्रयोग यशस्वी झाला, टॉयलेट्स स्वच्छ आहेत. स्वच्छ आहेत, कारण कोणी जातच नाही."

टेबलाभोवतीचे पुरुष आपापल्या कागदांचा अभ्यास करत होते. त्यात मीही होतो. आमच्या घरात 'पाळी' हा शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला गेला नव्हता आणि तो पहिल्यांदा ऐकायला मी शाळेच्या लायब्ररीत, एका बँक मॅनेजरच्या शेजारी बसलो होतो. तरीही मान खालीच ठेवावी असं वाटलं नाही. हळूहळू मी ती वर केली.

अध्यक्ष म्हणाले, "फारच छान बोललीस." दुसरे एक म्हणाले, "धाडसाचं काम." हेडसुद्धा म्हणाले, "हाच तो विद्यार्थ्यांचा आवाज." सगळे हसले. विषय आता गोडीगुलाबीत विरघळणार, असं दिसू लागलं.

"माझे प्रश्न आहेत," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी तिला धारेवर धरलं. कुलूप काढलं तर सिगरेटींचं काय? रेवा म्हणाली, बाहेरचं दार काढून टाका, बेसिनपर्यंतचा भाग कॉरिडॉरमधून दिसू द्या, तिथे कोणी ओढणार नाही. टोपली पेटवली त्याचं काय? लोखंडी टोपली ठेवा. तासातून उगाच उठणाऱ्यांचं काय? ते असणारच, पण दहा जण उगाच गेले तर बिघडलं काय? बिघडतं, बाई म्हणाल्या, मी शिकवलंय, मला माहितीये, दहा जणांच्या मागे तास जातो. त्याला उत्तर दे. रेवा गप्प झाली. मला वाटलं आता पुरे, बाई. पण बाई तिच्याकडे बघत थांबल्या होत्या, आणि अध्यक्ष मध्ये बोलायला लागले तेव्हा त्यांनी त्यांनाही हाताने थांबवलं.

"याचं उत्तर मला येत नाही," रेवा म्हणाली. "पण एक मुलगी दिवसभर तशी बसण्यापेक्षा एक तास फुकट गेलेला चालेल. तुम्हाला चालणार नसेल तर तसं म्हणा."

बाईंनी खांद्यावरून घसरलेला कोट वर ओढला. मग म्हणाल्या, "नाही. चालेल."

अध्यक्षांना हायसं वाटलं. "मग बाईंनी आपला ठराव मागे घेतला असं धरू. एकमताने."

"मुळीच धरू नका," बाई म्हणाल्या. "मागे घेतला तर लिहिलं जाईल की मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. मतदान घ्या. आणि पाडा."

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. विरोधात पहिला हात वर झाला तो दुमडलेल्या बाहीचा. मतदान करू न शकणारी एकटी रेवा, हात मांडीवर ठेवून बसली होती. बाई क्लार्कबाईंना म्हणाल्या, "विद्यार्थी सदस्याच्या भाषणानंतर ठराव फेटाळला. असंच लिहा. 'भाषणानंतर' हा शब्द गाळू नका." मंडळाच्या निवडणुकीत पडल्यावर फुलायचा तो चेहरा इंग्रजांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांना तो कळला नसावा.

बाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यावर चांगली भाषणं झाली. त्यांतली बरीचशी त्यांनी खोडून काढली असती.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना घरी सोडलं. बर्फ थांबलं होतं. उतरताना त्या रेवाला शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "पुढच्या वेळी मुद्दे आधी पाठव," म्हणाल्या. "मला नीट तयारी करता आली नाही."

दार लागेपर्यंत आम्ही थांबलो. गाडी सुरू केली तरी रेवा गप्पच होती. तिला लागलं असेल, असं वाटून मी म्हटलं, "बाई जरा जास्तच बोलल्या गं."

"नाही," ती म्हणाली. ती रडत होती, पण आवाजात रडू नव्हतं. "बाकी सगळे well done म्हणाले, बाबा. बाई एकट्याच भांडल्या."